भागाक्का आणि दुसरी हंडी

भागाक्का कासारणीकडे फुटक्या काचेची एक पेटी होती. चहाची जुनी, पत्र्याची. तिच्यात कापडाच्या बोटभर पुरचुंड्या आणि प्रत्येक पुरचुंडीत काचेचा एकेक तुकडा. कोणता तुकडा कोणत्या घरचा हे लिहून ठेवायला त्यांना लिहिता येत नव्हते. म्हणून ज्या घरची काच त्याच घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी त्या मागून आणीत आणि तीत तो तुकडा बांधीत. इरकली काठाची चिंधी सोडताना त्या म्हणायच्या, "ही अक्कलकोटाकडच्या जहागीरदारांची. मोठ्या वैनीसायबांच्या हातनं पेला पडला हुता, त्याचा हा तुकडा."

तुकडा उजेडाकडे धरून त्याची कड त्या मला दाखवीत. आतली काच पाण्यासारखी स्वच्छ आणि तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ लाल थर. हा थर सहाणेवर घासून खाली गेले की लाल रानात पांढरी नक्षी उमटते. नकली भांड्यात लाल रंग नुसता वरून फासून भाजलेला असतो. पण हे भांडे फुटल्यावरच कळणार.

"आख्खं भांडं लबाड असतंय, मास्तर," त्या म्हणत. "तुकडा लबाडी करत न्हाय."

तीस सालाच्या आसपास मी सोलापुरात एका हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो आणि शुक्रवार पेठेत माडीवर एक खोली घेतली. खालच्या दोन खोल्यांत भागाक्का आणि त्यांचे यजमान राहत. यजमान बांगड्यांचे दुकान पाहत. भागाक्का खांद्यावर ओझे घेऊन घरोघर बांगड्या भरायला जात. शहरात गिरण्यांमुळे सुताच्या व्यापाऱ्यांची भरभराट झाली होती. नव्या माड्या उठत होत्या आणि प्रत्येक माडीच्या दिवाणखान्यात हंड्या-झुंबरे हवीच असत. जुन्या घराण्यांतून ती बाहेर पडत होती आणि मुंबईहून त्यांच्या नकलाही येत होत्या. दुकानदार सगळ्यालाच 'बेल्जमची' म्हणत. त्यातली कोणती काच हाताने फुंकून, घासून घडवलेली आणि कोणती साच्यात दाबून काढलेली, हे छातीठोकपणे सांगणारे माणूस गावात एकच होते, आणि ते बांगड्या भरत हिंडत होते.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या फजितीतून. मी केम गावचा. वडील कोरडवाहू जमीन कसत आणि शेळ्या-मेंढ्या राखत. घरात मीच पहिला शिकलो, आणि तेही गावच्या शाळेतल्या गुरुजींनी वडिलांच्या मागे लागून मला पुढे पाठवले म्हणून. पहिल्या पगारात गुरुजींसाठी काहीतरी चांगले घ्यावे म्हणून मी बाजारातून बिलोरी काचेची एक दौत आणली. दुकानदाराने ती हिऱ्यासारखी घासलेली आहे म्हणून सांगितले होते. पायरीवर बसलेल्या भागाक्कांना मी ती मोठ्या हौसेने दाखवली.

त्यांनी डोळे मिटले, दौतीवरून अंगठ्याचे नख आडवे फिरवले आणि एका जागी थांबवले.

"हितं बोट लावा."

मी लावले. केसाएवढी एक रेघ बोटाला लागली.

"ही शिवण. साच्याची दोन फाळकी हितं जुळल्यात."

माझा चेहरा पडला असावा, कारण त्या हसल्या. "असं तोंड का केलं? तुमच्या सदऱ्याला शिवण न्हाय का? शिवण असली म्हणून वस्तू वंगाळ हुत न्हाय. शिवण हाय आन न्हाय म्हणून सांगितलं की वंगाळ. ज्याला द्यायची त्याला सांगून द्या."

मी गुरुजींना तसे सांगूनच ती दिली. गुरुजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "शाई गळत नाही ना?" गळत नव्हती. मग त्यांनी ती लगेच वापरायला घेतली.

भागाक्कांच्या काच पाहण्याला एक रीत होती आणि ती मोडलेली त्यांना खपत नसे. दिव्याच्या उजेडात त्या काच पाहत नसत. "दिव्याखाली समद्याच नवऱ्या गोऱ्या," म्हणत. सकाळी, उन्हात नव्हे तर दाराच्या सावलीत, वस्तू हातात घ्यायच्या. आधी गालाला लावून बघायच्या, किती गार लागते ते. मग उलटी करायच्या. एकदा वकिलांच्या बायकोने कौतुकाने फुलदाणीचे तोंड, त्याची सोनेरी झालर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा भागाक्कांनी फुलदाणी सरळ पालथी घातली.

"तोंड समदेच धुत्यात, वैनी. बूड बघावं."

खरी जुनी वस्तू वर्षानुवर्षे बसून बसून झिजते, तिच्या बुडाला सगळ्या बाजूंनी बारीक ओरखडे असतात. नकली वस्तू जुनी दाखवायला फरशीवर घासतात, मग ओरखडे एकाच दिशेला जातात. हे मला समजावताना त्यांनी आमच्या हेडमास्तरांच्या खुर्चीचा दाखला दिला होता. तो मी शाळेत कोणाला सांगितला नाही.

सगळ्यात शेवटी टिचकी. मधल्या बोटाच्या नखाने एकच, आणि मग कान पुढे. हाताने केलेल्या जाड, जड काचेचा आवाज लांबत जातो. "घरातनं पोरगी सासरला निघाल्यागत जातोय," असे त्या म्हणत. साच्यातली काच नुसती टक्क करून गप्प बसते.

एवढे ज्ञान असून त्यांना उघड कोणी विचारीत नसे. दिवाणखान्यात लोड-तक्क्याला टेकून बसलेला व्यापारी मुंबईच्या दलालासमोर कासारणीला बोलावून सल्ला कसा घेणार? त्यावर घरच्या बायकांनीच एक तोड काढली होती. दलाल यायच्या दिवशी भागाक्कांना बांगड्या भरायला बोलवायचे. शेटजी म्हणायचे, "जरा आत दाखवून आणतो, बायकांची आवड बघायला हवी." वस्तू माजघरात जायची. ती खरी असली तर भागाक्का तिच्यात एक हिरवी बांगडी ठेवून परत पाठवीत. साच्यातली असली तर वस्तू रिकामी परत जाई. ना कोणी विचारले, ना कोणी सांगितले.

हा संकेत पुढे बाहेर फुटलाच, पण बांगडीच्या रंगासकट नव्हे. एका दलालाने काय करावे? सुताचे व्यापारी नागनाथशेट यांच्याकडे त्याने आणलेली गुलाबदाणी रिकामी बाहेर आली. नोकराच्या हातून ती त्याने स्वतःच लगबगीने घेतली आणि शेटजींपुढे ठेवली तेव्हा तिच्या तबकात एक बांगडी होती. शेटजी खूश. इतक्यात त्यांच्या पत्नी गौरक्का दारात आल्या आणि पदराआड हसू लागल्या.

"अय्यो! ही कुणाची हो बांगडी?"

आतून भागाक्कांचा आवाज आला, "माजी न्हवं ती. जांभळ्या बांगड्या मी ह्या घरात भरतच न्हाय. पावण्यांना इचारा, त्यांच्या हातातली पडली आसंल."

तो दलाल त्या पेठेत पुन्हा दिसला नाही. गौरक्का ही गोष्ट पुढे प्रत्येक हळदीकुंकवाला सांगत आणि दर वेळी त्या बांगडीचा रंग आणखी गडद होत जाई.

याच नागनाथशेटांच्या घरी पुढे जे घडले, त्यामुळे मला भागाक्का विसरता येत नाहीत.

त्यांच्या दिवाणखान्यात लाल हंड्यांची एक जोडी होती. घंटेच्या आकाराच्या, पितळी कड्यात बसवलेल्या, अंगावर द्राक्षांचा वेल कोरलेला. मी सोलापुरात येण्यापूर्वीच शेटजींनी ती जहागीरदारांच्या कारभाऱ्याकडून घेतली होती, आणि ती घेतली होती माजघरातून एका हंडीत हिरवी बांगडी आली म्हणून. त्यानंतर आठ वर्षे त्या हंड्यांना घरात एकाच माणसाचा हात लागत होता, बसाप्पाचा. बसाप्पा अक्कलकोटाकडचा, शेटजींच्या वडिलांच्या वेळेपासूनचा गडी. मराठी समजे, पण बोलणे कानडीत. दर सोमवारी स्टुलावर चढून तो दोन्ही हंड्या मऊ फडक्याने पुसायचा.

शेटजींनी घरच्या लग्नाच्या खर्चासाठी ती जोडी विकायची ठरवले. मुंबईचा एक जाणता माणूस येऊन, भिंग लावून हंड्या पाहून गेला. पंधरा दिवसांनी त्याचे इंग्रजी पत्र आले आणि ते वाचायला मला बोलावणे आले. मी वाचत वाचत मराठीत सांगत होतो. त्यातल्या एका वाक्यापाशी थांबलो. पण थांबून सुटका नव्हती.

"ते लिहितात, दाराजवळची हंडी उत्तम आहे, ती घेतो. खिडकीजवळची साच्यात दाबलेली नक्कल आहे. शिवण वेलाच्या देठाखाली लपवली आहे."

 शेटजींनी मान वळवली. बसाप्पा कोपऱ्यात समईची वात सारखी करत होता.

"बसाप्पा, खरी कुठं आहे?"

आधी त्याला कळलेच नाही. कळले तेव्हा तो जमिनीवर बसला. "नानल्ल, धनी," मी नव्हे, एवढेच तो देवाची शपथ घेऊन पुन्हा पुन्हा म्हणू लागला. "देवराणे, नानल्ल."

"भागाक्कांनी बघून दिलेली जोडी आहे ती. त्यांचं कधी चुकलंय? मग हंडी काय आपल्या पायांनी गेली?" शेटजी ओरडत नव्हते, हे जास्त वाईट होते. "उद्या दुपारपर्यंत सांग. नाहीतर फौजदार विचारेल."

मी घरी आलो. भागाक्का दारात बसून बांगड्या दोऱ्यात ओवत होत्या. त्यांना मी सगळे सांगितले. त्यांनी एकच विचारले.

"कोनती म्हनला?"

"खिडकीजवळची."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा ओवणे सुरू झाले. यजमानांनी आतून विचारले, "काय झालं गं?" भागाक्कांनी माळेला गाठ मारली. मला वाटले, आपले नाव त्यात निघाले म्हणून त्यांना राग आला असेल.

सकाळी मी अंघोळ करून येतो तर त्या जिन्याखाली उभ्या. डोईवर पदर, खांद्यावर ओझे नाही.

"मास्तर, शाळंला जायच्या आदी माज्यासंगं येता का? शेटजी माजं एकट्या बाईचं ऐकनार न्हाइत. बीए झालेला मानूस उंबऱ्यात उभा आसला तर ऐकत्याल."

त्या घरात त्या आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दाराने गेल्या. शेटजी चकित झाले, पण माझ्याकडे पाहून काही बोलले नाहीत. भागाक्कांनी दोन्ही हंड्या खाली उतरवायला सांगितल्या आणि ओसरीच्या सावलीत घोंगडीवर ठेवून घेतल्या. गौरक्का दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बसाप्पा अंगणात खांबाला टेकून बसला होता. रात्रभर तो तिथेच असावा.

भागाक्कांनी पहिल्या हंडीला टिचकी मारली. आवाज लांबत गेला, ओसरीभर गेला. दुसरीला मारली. टक्क. शाळेतल्या कोणत्याही मुलाला फरक कळला असता.

मग त्यांनी दुसरी हंडी पालथी करून तिच्या पितळी कड्याखाली बघितले. काच आणि पितळ यांच्यामधल्या फटीत लांबी, म्हणजे तेलात मळलेली खडूची भुकटी, भरलेली असते. वाळून ती दगडासारखी होते. भागाक्कांनी तिच्यावरून नख फिरवत कड्याला पूर्ण फेरा घातला. तसाच पहिलीलाही घातला.

"शेटजी, हिकडं बघा. दोन्हीची लांबी एकाच रंगाची हाय. पिवळी पडल्याली. आत काजळी बसलीया, ती आट वर्सांची न्हाय, पन्नास-साट वर्सांची आसंल. कुटंबी फोडल्याली न्हाय, कुटंबी नवी भरल्याली न्हाय. काच बदलायची तर ही फोडायला लागती. बसाप्पानं काय बी केल्यालं न्हाय. ही हंडी तुमच्या घरात आली तवाच आशी हुती."

शेटजींनी वाकून पाहिले. बोट लावून पाहिले. शेवटी सुस्कारा टाकून ते मागे टेकले. आणि मग त्यांनी, बहुधा चांगुलपणानेच, भागाक्कांना एक वाट दाखवली.

"म्हणजे त्या कारभाऱ्याची लबाडी. तुम्हाला खरी जोडी दाखवली आणि गाडीत घालताना दुसरी घातली. त्याच्याकडं अशी आणखी एखादी पडलेली असणार. असंच ना?"

कारभारी चार वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्यामागे कोणी नव्हते. भागाक्कांना फक्त "व्हय" म्हणायचे होते. गौरक्कांनी तर मानही हलवली.

"न्हाय," भागाक्का म्हणाल्या. "मेलेल्या मानसावर कशाला घालता? ह्याच हंड्या माजघरात आल्या हुत्या. ही वेलाच्या पानावरची चीर माज्या ध्यानात हाय, ती ह्याच हंडीवर हुती. मी दुसरी वाजवलीच न्हाय."

"वाजवली नाही म्हणजे?"

"आमी कासार. डझनाची माळ येती, ती एकाच भट्टीतली, एकाच हातची आसती. एक वाजवली की माळ कळती. बारा कोन वाजवत बसतंय? आय तशीच करायची, मी बी तशीच करती. ह्या हंड्या जोडीनं आल्या. म्या एक वाजवली, बांगडी टाकली. खरीची जोडीदारीन लई वर्सांमागं कवातरी वाढली आसंल आन जहागीरदारांनी साच्यातली आनून बसवली आसंल. माज्या ते डोस्क्यातच आलं न्हाय. चूक माजी हाय."

 बांगडी फुटली म्हणायचे नसते, वाढली म्हणायचे. तो शब्द त्यांनी हंडीलाही लावला, एवढे माझ्या तेव्हा लक्षात आले. 

शेटजी उठून अंगणात उतरले.  जाताना त्यांनी बसाप्पाच्या खांद्याला हात लावला.

बसाप्पाने भागाक्कांचे आभार मानले नाहीत. हंड्या उचलायला आला तेव्हा तो मोडक्यातोडक्या मराठीत पुटपुटला, "आट वर्स खोटी पुसली मी. खरीसारकी पुसली." आणि नकली हंडी त्याने आधी उचलली, दोन्ही हातांनी.

त्या दिवसापासून माजघरातून बांगडी बाहेर यायची बंद झाली. तसे कोणी ठरवले नाही, पण भागाक्कांची एक जोडी चुकली, मग आणखी किती चुकल्या असतील, असे दोन-चार घरांत बोलले गेले आणि तेवढे पुरले. दलालांना तर हवेच होते. काही बायका तरीही वस्तू पदराखाली लपवून शुक्रवार पेठेत आणीत. भागाक्का ती हातातही घेत नसत. "मला कळत न्हाय, बाई. दुसरं कुनाला तरी दावा." दुसरे कोणी नव्हते, हे दोघींनाही माहीत असे.

यजमानांना ते फार लागले. एकदा मी पायरीवर बसलो असता ते मला ऐकू जाईल असे म्हणाले, "इस वर्सं नाव कमावलं आन एका सकाळी धुतलं."

"काचंचं नाव हुतं," भागाक्का चूल फुंकता फुंकता म्हणाल्या. "धुयालाच लागतंय."

पुरचुंड्यांची पेटी त्यांनी मला देऊ केली होती. मी घेतली नाही. घ्यायला हवी होती, असे आता वाटते. पुढे माझी बार्शीला बदली झाली. त्यांच्या यजमानांनी दुकान बंद केले आणि भागाक्का आता बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांना जातात असे कोणीतरी सांगितले.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी मोडनिंबला एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो आणि परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून बाजारातून चालत होतो. भर दुपार. मिरच्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे कडुनिंबाखाली चार-पाच बायकांचा घोळका होता आणि मध्ये भागाक्का बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. समोर एक तरुण बाई हात पुढे करून बसली होती आणि तिच्या कडेवरचे मूल रडत होते.

भागाक्कांनी दोऱ्यातली माळ सोडून बांगड्या मांडीवर घेतल्या होत्या. त्यांतली एक उचलून त्या टिचकी मारत, कान पुढे करत, मग खाली ठेवत आणि पुढची उचलत.

"आक्के, भरा की आता," ती बाई म्हणाली. "पोरगं रडतंय. समद्या एकसारख्याच हायती."

"बारा हायती, बाई. बारा ऐकू दे."

मागची एक म्हातारी कुरकुरली, "दुसरी कासारीन एक वाजवती आन भरती. ही बया काय देवाची घंटा वाजवतीया?"

बायका हसल्या. भागाक्का हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले नाही, आणि त्या ऐकत असताना हाक मारायला मी धजलो नाही. चौथी, पाचवी, सहावी. बाजाराच्या कलकलाटात मला तर काहीच ऐकू येत नव्हते. सातवीला टिचकी मारून त्या थांबल्या. तीच पुन्हा कानाजवळ नेली, पुन्हा वाजवली, आणि मग बाकीच्यांत न मिसळता अलगद बाजूला ठेवली.